दार वाहणाऱ्याचा शेवट कोणी बदलू नये म्हणून

मी, बोनिफास कालिबाला, नाकतोड्याच्या कुळातला, जुळ्यांचा बाप म्हणून सालोंगो म्हणवला जाणारा, राहणार न्येंडो, मसाका, धंद्याने व्हीजे, म्हणजे परक्या भाषेतला सिनेमा चालू असताना माईक हातात धरून तो आपल्या लोकांना सांगणारा, हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हे डॉक्टरांचे मत आहे. माझा धाकटा मुलगा काटो याचे मत निराळे आहे, त्याचा समाचार पुढे घेतला आहे. कोणी दटावले, फुसलावले किंवा पाजले म्हणून मी हे लिहीत नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात बहुतेक लुबोवाला शिव्या होत्या, ते रद्द समजावे. शिव्या कायम आहेत.

कलम पहिले. वाचन. आपल्याकडे मयताला खाली सोडण्याआधी मृत्युपत्र सगळ्या लोकांसमोर मोठ्याने वाचतात. हे काम वकील काकेम्बो यांनी करू नये. ते चांगले गृहस्थ आहेत, पण त्यांनी वाचलेले प्रेमपत्रही पाण्याच्या बिलासारखे वाटते. वाचन लुबोवाने करावे. रस्त्यापलीकडच्या हॉलचा तो व्हीजे, माझा जन्माचा वैरी, पण आवाज आहे त्याला. लुबोवा, पदरचे काही घालू नको. आणि मध्ये मध्ये घसा खाकरू नको, पुढचे विसरलास की तू खाकरतोस हे अख्ख्या मसाक्याला माहीत आहे.

कलम दुसरे. घर, केळीची बाग आणि साठवण. घर व बाग वास्वा आणि काटो या माझ्या जुळ्या मुलांना सारखी वाटून द्यावी. वाटणीची रेघ फणसावरून जाईल, त्यावरून ते भांडतील. भांडू द्यावे, पोटातही भांडत होते. बँकेत जे काही आहे त्यातून आजचे जेवण घालावे. मटोके, म्हणजे वाफवलेली केळी, कच्चे राहू देऊ नये. पंगतीत एक ताट दारवाल्याचे वेगळे काढावे. माझी बायको स्पेसिओझा प्रत्येक कार्यात काढत असे. का, ते नव्या सुनांना पुढे कळेल.

कलम तिसरे. अवजारे आणि वैर. माझा माईक लुबोवाला. तो ओठांना शॉक देतो. शॉक बसला की माझी आठवण काढावी. नाकतोड्यांच्या हंगामात याच लुबोवाने माझ्या हॉलच्या छपरावर मुद्दाम दिवा लावला होता. आत लोक गंभीर सिनेमा बघत होते आणि वरून नाकतोडे बदाबदा पडू लागले. सगळा हॉल उठून ते तळून खायला पकडू लागला. पडद्यावर एक म्हातारा मरत होता, त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. आणि मला तर कुळाच्या नियमाने नाकतोडा खाताही येत नाही! हे मी माफ केलेले नाही. ते वैर वारसाहक्काने कोणाला जात नाही, माझ्याबरोबरच पुरावे.

कलम चौथे. सिनेमे. माझ्याकडचे सिनेमे चमत्कारिक आहेत हे मला मान्य आहे. लुबोवाच्या हॉलमध्ये हाणामारी असायची आणि माझ्याकडे विचार. त्यामुळे त्याच्याकडे गर्दी आणि माझ्याकडे डोकी. ते खालीलप्रमाणे द्यावेत, आणि ज्यांना मिळतील त्यांनी ते बघावेत. नुसते कपाटात ठेवले तर मी स्वप्नात येऊन सांगेन.

वकील काकेम्बो यांना, कोंबडीवर खटला चालतो तो सिनेमा. कोंबडी पहाटे अंडे घालत नाही म्हणून गाव तिला कोर्टात खेचते. कोणीही हसत नाही. शेवटी कोर्टातले सगळे एकमेकांना शिक्षा देऊन बसतात आणि कोंबडी उघड्या खिडकीतून निघून जाते. यात एक वकील आहे, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. त्याच्यासाठी तरी बघावा.

वास्वाला, बिनचेंडूचा सामना. वास्वाला हॉलमध्ये फक्त फुटबॉल लावायचा आहे. बाबा रे, यात फुटबॉलच आहे. पहिल्याच लाथेला चेंडू नदीत जातो, पण लाजेकाजेस्तव कोणी थांबत नाही, दोन्ही संघ बिनचेंडूचे खेळत राहतात. माझ्या हॉलमध्ये त्यातल्या एका गोलावर लोक बाक सोडून नाचले होते, आणि तो गोल ऑफसाइड होता की नाही यावरून दोन साडू अजून एकमेकांच्या घरी जात नाहीत. चेंडू असता तर एवढे झाले नसते.

काटोला, साधूची वाट बघणारे गाव. काटो पास्टर झाला आहे आणि त्याला हॉलचे चर्च करायचे आहे. या सिनेमात गाव एका साधूची वाट बघत रस्त्यावर बसते. साधू येतो, गर्दी बघून विचारतो, ‘कोणाची वाट बघताय?’ आणि तोही बसतो. बस, एवढेच. पहिल्या खेपेला झोप येते, लाज बाळगू नये. मीही माईक हातात घेऊन झोपलो होतो, आणि माझे घोरणे हा सिनेमातलाच आवाज समजून लोक गप्प बसून ऐकत होते. दुसऱ्यांदा बघितला की रडू येते. काटो, दुसऱ्यांदा बघ.

कलम पाचवे. दारवाला. आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या टेपविषयी.

ही टेप मी कंपाल्याला टॅक्सी स्टँडजवळच्या टपरीतून आणली. एका माणसाचे घर जळते, फक्त दार उरते. ते पाठीवर घेऊन तो चालू लागतो. ज्या गावात जातो तिथे शेतात दार उभे करतो आणि लोक, वळसा घालायला चारी बाजू मोकळ्या असूनसुद्धा, दारावर टकटक करून, वाकून त्यातूनच येतात. सिनेमा कुठल्या भाषेत आहे ते मला आजतागायत ठाऊक नाही. त्या देशात लोक कमी बोलतात, ते माझ्या पथ्यावर पडले. पहिल्या खेळाला लुबोवाचा जनरेटर बंद पडलेला, म्हणून त्याची सगळी गर्दी माझ्याकडे. दारवाला एक टेकडी चढतो, वर पोचतो, आणि तेवढ्यात पडद्यावर लग्न! गोमेसी नेसलेल्या बायका, केक, ढोल. टपरीवाल्याने सिनेमाच्या शेवटावर मसाक्यातल्या कोणाचे तरी लग्न भरून टाकले होते. मी टेप आधी बघितली नव्हती. हातात माईक, समोर लुबोवाचे गिऱ्हाईक. नवरीमागे घर दिसत होते, त्याला दाराऐवजी पडदा लावलेला. मी म्हणालो, ‘आणि बघता बघता तो मसाक्याला पोचला! ज्या घराला दार नव्हतं, ते घर सापडलं!’

लोक रडले. खरे सांगतो, बोडा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली, चालवणारे आडदांड गडी रडले. त्या दिवसापासून न्येंडोत हाच त्या सिनेमाचा शेवट आहे. लुबोवा तेवढा भर रस्त्यात ओरडायचा, ‘काय रे कालिबाला, तुझा हिरो अर्धं जग पालथं घालून कुणाच्या लग्नात फुकट जेवायला आला म्हणे!’

मग एक दिवस छत्री आपटत एक बाई हॉलच्या दारात उभी राहिली.

“तूच का रे तो, माझं लग्न तिकीट लावून दाखवणारा?”

“बाई, तिकीट काढा आणि बसा, मग बोलू.”

“माझ्याच लग्नाचं तिकीट काढू? लाज नाही वाटत? तो नवरा वर्षाच्या आत टँकरखाली गेला. माझ्या दुःखाचा तू तमाशा मांडलास. टेप दे इकडे, चुलीत घालते.”

“घाला. पण आधीचं बघून घाला.”

ती पहिल्या बाकावर बसली, छत्री मांडीवर घेऊन. संपेपर्यंत हलली नाही. मी वाट बघत होतो की आता छत्री माझ्या डोक्यात बसते. ती म्हणाली,

“याला कोणी जेवायला घातलं का?”

“कोणाला?”

“या दारवाल्याला. एवढ्या लांबून आला बिचारा, पाठीवर ओझं. माझ्या सासरचे वाढपी मला माहीत आहेत, ओळखीच्या माणसालाच वाढायचे ते. कोणी विचारलं नसणार.”

ती स्पेसिओझा. पुढच्या खेळालाही आली, त्याच्याही पुढच्या. काही दिवसांनी आमचे लग्न झाले. मी कॅमेरावाला ठरवायला निघालो तर म्हणाली, “एक लग्न पडद्यावर आहे, तेवढं पुरे. या वेळी मला कॅमेऱ्याकडे बघत नाचायचं नाही.” तेव्हा मला ते फार आवडले. तिला जाऊन आता काही वर्षे झाली. फोटो आहेत, पण फोटोत ती नेहमी पोलिसात आल्यासारखी उभी. हसणारी, चालणारी, हात हलवणारी स्पेसिओझा या जगात एकाच ठिकाणी उरली आहे, दुसऱ्याशी लागलेल्या लग्नात, एका चुकीच्या टेपच्या शेवटी. मला याचा मत्सर वाटायला हवा असे काटोचे म्हणणे. मला वाटत नाही.

आता माझ्या डोक्याविषयी. मागच्या ईस्टरला काटो फोन नाचवत आला.

“बाबा, सापडला! दारवाल्याचा पूर्ण सिनेमा. स्वच्छ, एक रेघ नाही. खरा शेवट आहे यात. मी सीडी करून आणली.”

“त्यात तुझी आई आहे?”

“आई कशी असेल त्यात?”

“मग तो खरा शेवट कसा?”

तो भावाकडे गेला आणि म्हणाला की बाबांचं डोकं गेलं. दोघांनी मिळून ठरवले की जुनी टेप बुरशी धरली आहे, टाकून द्यावी. हे मी पडद्याआडून ऐकले. म्हणून हे मृत्युपत्र. ती सीडी मी बघितलेली नाही. ती माझ्या उशाखाली, मयताला गुंडाळतात त्या झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून माझ्याबरोबर ठेवावी. वर वेळच वेळ आहे. स्पेसिओझा भेटली की दोघे बघू, ती नाही म्हणाली तर नाही बघणार.

कलम सहावे. टेप व्हीजे लुबोवा यास. होय, तुलाच. मान वर कर आणि वाच. तू तीस वर्षे हॉलच्या मागच्या चटईच्या भिंतीला टेकून तो सिनेमा चेष्टा करायला बघितलास, म्हणून माझ्याखालोखाल तो तुलाच पाठ आहे. शिवाय स्पेसिओझा गेल्यावर तू एकदा मला म्हणालास, “ती पदर सावरून हात हलवते ना, तिथे तू फार बोलतोस.” मी तुझ्याशी वर्षभर बोललो नाही. तुझे बरोबर होते. तिच्या स्मृतिदिनाला दरसाल टेप लावायची आणि तू सांगायची. ती हात हलवते तिथे तोंड बंद ठेव. टेप झिजत चालली आहे, तिच्या तोंडावर रेघा येतात, एक दिवस पांढऱ्या ठिपक्यांशिवाय काही दिसणार नाही. तरीही लाव. आणि त्या दिवसापासून तिथे बोल. तिने काय नेसले होते, कुठे बघून हसली, सगळे. तू बघितले आहेस. इथे खाकरलास तरी चालेल.

कलम सातवे. हॉल. हॉल दोन्ही मुलांना मिळून. आठवडाभर फुटबॉल लावा, रविवारी देव लावा, माझी हरकत नाही. अट एकच, आणि ती आत्ता पाळायची. वास्वा आणि काटो, तुम्ही उठा. हॉलवर जा. त्याचे दार बिजागऱ्यांवरून उतरवा आणि खांद्यावर घालून पायी इथे घेऊन या. गाडीत घालायचे नाही, बोडावर तर नाहीच. ते माझ्या पेटीवर झाकण म्हणून बसवायचे. हॉलला यापुढे पडदा पुरे, ज्याला यायचे तो येईल. दार जड आहे, एकट्याला उचलत नाही, मी बघितले आहे. दोघांना एकाच दिशेने चालावे लागेल, आणि निदान तेवढा रस्ता भांडता येणार नाही. न आणल्यास हॉलसुद्धा लुबोवाला. आता धावाल.

तोवर लोकांनी बसून राहावे. लुबोवाने जनरेटर, व्हीसीआर आणि मोठा टीव्ही मंडपात आणून ठेवला आहे. मी आणायला सांगितला होता, कशाला ते सांगितले नव्हते. लुबोवा, हे शेवटचे वाक्य वाचून झाले की कागद खाली ठेव आणि टेप लाव. लग्न लागायच्या सुमारास पोरे दार घेऊन पोचतील. पोचली की बाकी सगळे राहू द्या, आधी त्यांना जेवायला घाला.

सही: बोनिफास कालिबाला, सालोंगो

आमच्या समक्ष सही केली. करताना ते शुद्धीत होते आणि टीव्ही मंडपात कोणत्या खांबाशी ठेवायचा म्हणजे ऊन पडणार नाही ते हाताने दाखवत होते.

साक्षीदार: सिप्रियन म्पागी, गावचे चेअरमन
साक्षीदार: स्कोव्हिया नाकिगुडे, शेंगदाणेवाली. (मला यात काही मिळालेले नाही, म्हणून साक्ष चालते असे वकिलांनी सांगितले. सिनेमा एखादा चालला असता.)

न्येंडो, मसाका. सोमवार, १ सप्टेंबर २०१४.