सुट्टीचा माझा नंबर

१२ मार्च, सकाळी सव्वासहा, अतिथीगृहाच्या चादरींच्या घड्या घालून झाल्यावर

ती. आईला धाकट्याचा नमस्कार.

मी वेळेवर जेवतो.

इथे दोन देशांचे दोन भिक्खू उतरलेत. चहा देताना विचारलं, बोधिसत्त्व (यात दोन त असतात) म्हणजे कोण? थोरले म्हणाले, “बुद्ध होण्याआधीचे भगवान. तसा क्वचितच कोणी होतो.” दुसरे हसले, “आमच्याकडे कोणीही संकल्प करतो, आधी सगळे पार होवोत, मग मी.”

पुढच्या महिन्यात आचाऱ्याच्या बायकोला बाळ होणार आहे. सुट्टीचा नंबर माझा होता, तो मी त्याला देऊन टाकला. लगेच आठवलं, तुझं डोळ्याचं ऑपरेशनही त्याच महिन्यात आहे.

डॉक्टर तारीख पुढे नेतील का? नाही म्हणाले तर स्पष्ट कळव. मी नंबर परत मागेन. थोरल्या भिक्खूंचं म्हणणं खरं ठरेल, एवढंच.

तुझा,
धाकटा