लंकाबाईंच्या कालवडीचा ताप

१२ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मंचरला मेडिकलच्या काउंटरवर बावीस वर्षं काढली, तो अनुभव वाया जाऊ नये. शेजारच्या लंकाबाई सकाळीच आल्या. त्यांच्या तीन महिन्यांच्या कालवडीला, चिमणीला, ताप. डॉक्टरला बोलवू का म्हणाल्या. म्हटलं, मी असताना? माणसाच्याच तापाच्या गोळ्या गुळातून चारल्या.

१४ जानेवारी
ताप उतरला. लंकाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमचा हात लई गुणाचा!" उज्ज्वलाला मुद्दाम ऐकवलं. बायको असून तिनं उलटं विचारलं, एवढ्याशा वासराला किती गोळ्या? म्हटलं, वजनावर डोस असतो. वजन उद्या करणार.

१६ जानेवारी
ताप परत. डोस डबल. वजन राहिलं.

१८ जानेवारी, सायंकाळी ६
चिमणी दुधाला तोंड लावत नाही. डोळे पिवळे वाटले. गोठ्यातला बल्ब पिवळा आहे.

१९ जानेवारी
मला न विचारता लंकाबाईंनी जनावरांच्या डॉक्टर शीलाताईंना बोलावलं. वाईट वाटलं. रक्त तपासायला नेलं. बल्ब बंद होता, तरी डोळे पिवळेच.

२१ जानेवारी
रिपोर्ट आला. लिव्हरला जबर मार, औषधाचा. काय दिलं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. लंकाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, एकदोन गोळ्या.
सव्वीस होत्या. जेवण गेलं नाही.

२३ जानेवारी
चिमणीला खोकला, नाक वाहतंय. डॉक्टर म्हणाल्या, लिव्हर बिघडलं की रोगाशी लढायची ताकदही खचते, लहान जनावराची तर फार लवकर. मोठी गाय जो खोकला झटकून टाकते, तो हिच्या जिवावर बेतेल. लसही पुढं ढकलली, आत्ता टोचून अंगी लागेल याचा भरवसा नाही.
थंडीही आहे म्हणा. पण खरा आकडा डॉक्टरांना कळायलाच हवा. उद्या सांगणार. नक्की.

२४ जानेवारी
लंकाबाईंकडे पाहुणे.

२५ जानेवारी
रविवार. डॉक्टरांनाही सुट्टी असावी.

२६ जानेवारी
झेंडावंदन. लंकाबाई वासराला मांडीवर घेऊन बसलेल्या दिसल्या. मागच्या दारानं घरी आलो.

२७ जानेवारी
सांगितलं. "लंकाबाई, सव्वीस दिल्या. मी खोटं बोललो."
त्या शेण काढत होत्या. हात थांबला नाही.
"म्हाईत हाये, भाऊ. रिपोट आला त्याच दिशी उज्ज्वलानं रिकामी पाकिटं नेऊन डॉक्टरीणबाईला दावली. म्हणून तर येळंवर विलाज झाला. आज दूध प्यायली चिमणी."
म्हटलं, रोज येऊन सेवा करीन, एकदा बघून तरी येऊ द्या.
"नगं, भाऊ. तुमी दिसला की ती तोंड घट्ट मिटून घेती."