हात वर करून सोडलेला देश

मेहरूण, फेब्रुवारी १९९५, मतदानाची आदली संध्याकाळ

सुमे, आजी सांगते ती रोजनिशी तूच लिहितेस आणि माझ्या चहात साखर घालायचं तूच विसरतेस. आज नीट लिही.

तुझ्या काकाचा अमेरिकेतून फोन. हात वर करून तिथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली म्हणे, आता तो तिकडचाच. इथलं मतही गेलं. वर मलाच सांगतो, "माय, उद्या अमक्यालाच मत दे."

म्हटलं, "बापू, माहेरच्या शेतावर हक्कसोडीचा अंगठा दिला, त्यानंतर कपाशी लावा की ज्वारी, हे मी भावांना कधी सांगितलं का रे?" जास्त बोलले का मी? छे. मला निदान अंगठ्याच्या बदल्यात भावांकडून लुगडं तरी मिळालं. यानं फुकटच हात वर केला!

शेजारचा पोरगा तिकडे निघालाय. त्याच्याबरोबर काकाला ज्वारीच्या वाळवलेल्या बिबड्या पाठव. कच्च्याच पाठव, तळायचं तेल काकाचा नवा देश देईल.