दोन लाख चौदा हजार सहाशेची गाडी

मी, नवनीत बन्सीलाल पाटील, वय वर्षे चोपन्न, धंदा शेती व मालवाहतूक, राहणार लोणखेडा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. ऑक्टोबरात हृदयात दोन स्टेंट बसवले, पण डोके जागेवर आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "माझ्यावर कोणाचाही दबाव नाही" असे लिहा, म्हणून वकीलसाहेब सांगतात. दबाव तीस वर्षांपासून आहे. तो हे लिहिण्यासाठी नाही, एवढेच मी खात्रीने लिहू शकतो.

कलम १. लोणखेड्याचे राहते घर व बँकेतील सर्व ठेवी माझी पत्नी चेतना हिला मिळाव्यात. घरात कोण राहील, कोणत्या खोलीत झोपेल, टीव्हीवर काय लागेल, हे तिने ठरवावे.

कलम २. पपईचे साडेचार एकर रान मुलगी रूपा व मुलगा भाग्येश यांना निम्मे-निम्मे. रूपाने हक्क सोडल्याच्या कागदावर सही करावी म्हणून कोणी तिच्या सासरी जाऊन गोड बोलू नये. बहिणीने सही करून द्यायची आणि भावाने तिला साडी घ्यायची, ही रीत माझ्यापुरती बंद.

कलम ३. घरामागे निंबाखाली उभा असलेला जुना पिकअप. याबद्दल मला सविस्तर लिहावे लागेल, कारण माझे आयुष्य त्यात गेले आहे.

सन १९९५. मी चोवीस वर्षांचा होतो, आयटीआय करून बसलो होतो. पाटबंधारे खात्याचे नाशिकहून पत्र आले, अनुरेखक पदावर तीस दिवसांत हजर व्हा. अनुरेखक म्हणजे नकाशे गिरवणारा. मला तेच काम यायचे आणि तेच आवडायचे. एकोणिसाव्या दिवशी वडील धुळ्याला गेले आणि संध्याकाळी कोरा पिकअप घेऊन आले. आईने औक्षण केले, चाकाखाली लिंबू ठेवले. शेजारचे रतिलाल तेव्हा तरुण होते, त्यांनी गर्दीतून विचारले, "कितलाले पडनी, आप्पा?"

वडील म्हणाले, "तीन लाखले."

माझ्याकडे वळून म्हणाले, "तीन लाखनी गाडी दारमा उभी शे. आते कोठे जास तू?"

मी गेलो नाही. नंतर जेव्हा जेव्हा मी नाशिकचे नाव काढले, तेव्हा तीन लाख बाहेर आले. वर्षभराने ते साडेतीन झाले. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना वडिलांनी चेतनाच्या वडिलांना पाच लाख सांगितले, आणि ते बिचारे दारातल्या गाडीकडे पाहून हो म्हणाले. चेतना, याबद्दल मी तुझी कधी माफी मागितली नाही. ती इथे मागतो.

तीस वर्षे शहादा ते नंदुरबार. जाताना पपई, कापूस, ओली मिरची. येताना खताच्या गोण्या नाहीतर रिकामा. प्रकाशा गावाच्या पुलावर रोज तापी बघायची आणि थांबायचे नाही, कारण मागून हॉर्न वाजतात. धरण, पाट, कालवा बघितला की बोटे स्टिअरिंगवर आपोआप रेघा ओढायची. त्या केबिनचे दार आतून उघडत नसे, काच खाली करून बाहेर हात काढून उघडावे लागे. मी ते कधीही दुरुस्त करून घेतले नाही, सवय झाली होती.

वडील २०१६ मध्ये वारले. त्यांच्या ट्रंकेत पिकअपचे मूळ बिल सापडले, त्यावर पत्ता जिल्हा धुळे असा आहे, नंदुरबार जिल्हा तेव्हा झाला नव्हता. किंमत रुपये दोन लाख चौदा हजार सहाशे फक्त. पासिंग, विमा, ताडपत्री, पेढे आणि धुळ्याचे जेवण धरूनही काही केल्या तीन लाख होत नाहीत. मी तीनदा जमवून पाहिले.

आता यात वडिलांनी जगावेगळे काही केले असे नाही. आमच्याकडे गाडीची खरी किंमत सांगणारा माणूस चिक्कू ठरतो. सगळे वाढवून सांगतात आणि ऐकणारे मनातल्या मनात चौथा हिस्सा कापून घेतात. ही रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरची किंमत मी कापून ऐकली. फक्त बापाने सांगितलेली कापली नाही.

तर सदर पिकअप भंगारात घालावा. त्यात कोंबड्या अंडी घालतात, त्यांची आधी सोय करावी. आठवण म्हणून कोणी हॉर्नसुद्धा काढून ठेवू नये. काट्यावर वजन होईल तेव्हा भाग्येशने समोर उभे राहून किती किलो भरले ते वाचावे.

कलम ४. माझा जॅक रतिलाल यांच्याकडे अकरा वर्षांपासून आहे. तो त्यांनाच द्यावा असे मी आधी लिहिले होते. पण ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकीलसाहेब म्हणतात, आणि साक्षीदार म्हणून मला रतिलालच हवे आहेत, कारण किंमत विचारणारे तेच होते. म्हणून जॅक मी त्यांना देत नाही. त्यांनी तो परत करावा.

कलम ५. हे कलम लिहायला मला लाज वाटते.

सन २०२१. भाग्येशने पदविका पूर्ण केली. दवाखान्यातली यंत्रे दुरुस्त करण्याचे काम शिकला आणि पुण्याला जातो म्हणाला. दसऱ्याला मी नवा पिकअप आणला. चेतनाने औक्षण केले, लिंबू ठेवले. रतिलाल म्हातारे झाले तरी सवय गेली नाही. त्यांनी विचारले आणि मी म्हणालो, अकरा लाख. बिल आठ लाख सदतीस हजार दोनशेचे होते. भाग्येशचा चेहरा मी पाहिला. तोच चेहरा मी कधीकाळी आरशात पाहिला होता. तरीही मी रतिलाल यांना पेढा दिला.

रात्रीच्या जेवणाला चेतना म्हणाली, "तुम्हना बापनी तुमले ज्या खुटाले बांधं, त्याच खुटाले तुम्ही पोऱ्याले बांधी ऱ्हायनात." मी तिला गाडीतले काय कळते म्हणालो. तिला सगळे कळत होते.

पोरगा चार वर्षे मुकाट्याने पपई वाहतो आहे. भांडला असता तर बरे झाले असते. गेल्या आठवड्यात मी विम्याचा कागद शोधायला गाडीचा कप्पा उघडला, तर आत पुण्याच्या कंपनीचे पत्र, चार घड्या घातलेले. एक डिसेंबरला हजर व्हा. पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. तो घरात एका शब्दाने बोलला नाही. मी घड्या होत्या तशा घातल्या आणि पत्र परत ठेवले.

कलम ६. सबब सन २०२१ चा पिकअप भाग्येशला देण्यात येऊ नये. तो माझ्या पश्चात रायसिंग पाडवी, राहणार काठी, यास मिळावा. रायसिंग एकोणीस वर्षे माझ्याकडे चालक आहे. दर होळीला मी त्याला त्याच्या गावी, काठीला, सोडून येतो, माझ्या आयुष्यातली तेवढीच एक फेरी बिनभाड्याची. गाडीवर कसलाही बोजा नाही. त्याला ती विकाविशी वाटली तर त्याने खुशाल विकावी, गाडी दिली म्हणून त्याने लोणखेड्यात राहिलेच पाहिजे असे नाही.

कलम ७. वरील कलम सहा मी गुरुवारी लिहिले. शनिवारी वकीलसाहेबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, छान आहे, पण हे तुमच्यानंतर लागू होणार. मी विचारले, मग एक डिसेंबरचे काय? ते हसले. म्हणाले, स्टेंट चांगले बसले आहेत, अजून वीस वर्षे तुम्हाला धाड भरत नाही.

घरी येईपर्यंत मी त्या वीस वर्षांचाच विचार करत होतो. म्हणजे मी पोराला सोडतो असे लिहून दिले, आणि त्याने सुटण्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहायची. वडिलांनी निदान असला कागद करून ठेवला नव्हता. मला माझाच राग आला.

म्हणून रविवारी सकाळी रायसिंगला बोलावले. गाडी आजच तुझ्या नावावर करतो म्हटले. त्याने टायरकडे पाहत विचारले, "नवी कितलाले लिन्ही व्हती, दादा?"

मी खरे सांगितले. आठ सदतीस दोनशे. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीची खरी किंमत तोंडाने बोललो.

"मले मालूम शे," तो म्हणाला. "बिल मन्हाच हातमा देयेल व्हतं. तुम्ही कवय सांगतस, तेच देखी ऱ्हायंतू." मी खरे कधी सांगतो, याची तो चार वर्षे वाट पाहत होता.

भाग्येश ओसरीवर बसून ऐकत होता. तो उठून गाडीकडे गेला, कप्पा उघडला, पत्र काढून खिशात घातले आणि किल्ली रायसिंगच्या हातात दिली.

कलम ८. गाडी नावावर करण्याचे फॉर्म मी आज सोमवारी सकाळी सही करून दिले आहेत. सबब कलम सहा रद्द. रायसिंगला या मृत्युपत्राने आता काहीच मिळत नसल्याने तो साक्षीदार म्हणून सही करू शकतो, आणि ती त्याने केली आहे.

कलम ९. माझे १९९५ चे नाशिकचे पत्र चेतनाने माझ्याबरोबर चितेवर ठेवावे. ते कोणाला वारसाने देण्यासारखे नाही.

मृत्युपत्रात न बसणारी एक गोष्ट लिहून थांबतो. भाग्येशला शुक्रवारी रात्री शहाद्याहून पुण्याची बस आहे. स्टँडवर त्याला मी सोडून आलो असतो, पण माझ्याकडे आता गाडी नाही. आम्ही दोघे चालत जाऊ.

वर लिहिलेले मी स्वतः लिहिले, दोनदा वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

ठिकाण : लोणखेडा
दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

सही : नवनीत बन्सीलाल पाटील

साक्षीदार
१. रतिलाल दगडू पाटील, राहणार लोणखेडा (जॅक परत केला)
२. रायसिंग आमशा पाडवी, राहणार काठी