मेलेल्या वानराला दिलेला खांदा

प्रिय वयनी,

आज सकाळी वरच्या काजूच्या बागेत पुन्हा एक वानर मरून पडलं. तू गेल्यापासूनचं हे पहिलंच. घरी आलो, हातपाय धुतले आणि तुला लिहायला बसलो. दुसऱ्या कुणाला सांगू?

आशा सेविका म्हणून तू दारोदार फिरायचीस. वानर मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, त्या चावल्या की माणसाला माकडताप येतो, हे सांगून सांगून तुझा घसा बसायचा. काजू वेचायला जाण्याआधी हातापायांना औषधी तेल लावा. गोठ्यात अंथरायला रानातला पातेरा, वाळका पाला, आणू नका. लोक तेलाची बाटली घ्यायचे आणि फळीवर ठेवून द्यायचे! "इली बघ माकडांची डाक्टरीण," म्हणून हसायचे. तूही हसायचीस. "हसा गो, पण आधी तेल लावा."

आपल्याच बागेत वानर मेलं तो दिवस आठवतो? रीतीप्रमाणे आम्ही त्याला आंघोळ घातली, गुलाल-फुलं वाहिली, कोऱ्या कापडात गुंडाळलं. तू धावत आलीस. "हात लावू नकात! मी फोन केलंय, दवाखान्यातली माणसां येतली, औषध मारतली!"

"वयनी, मारुतीराय तो. तसोच उघड्यार टाकूचो?"

असं बोललं कोण? मीच. पुढचा खांदाही मीच दिला.

रागावून घरात जायचं होतंस ना गो! उलट तू आम्हाला अंगणातच कपडे काढायला लावलेस, ते उकळत्या पाण्यात टाकलेस आणि माझ्या पाठीवरच्या गोचिडी चिमट्याने एकेक काढल्यास. त्या घाईत तू स्वतः तेल लावलं होतंस का? मी विचारलंच नाही.

आठवड्याच्या आत ताप आला. मला नाही, तुला. लागण नेमकी कुठे झाली ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादाने ते मानलं. मला नाही मानता येत.

याहून वाईट तुझ्या बाराव्याला झालं. पंगतीत कुणीतरी बोललं, "मारुतीच्या कामात आडवी इली, म्हणान गेली." दादा मान खाली घालून बसला. मी वाढत होतो. ऐकलं, आणि भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे सरकलो. वयनी, एक शब्द बोललो नाही!

त्याचं फळ आज दिसलं. तुझ्या जागी आलेली सेविका "हात लावू नकात" म्हणत होती. एकाने विचारलं, "तुझ्याआधीच्या बायचा काय झाला, ठाऊक आसा मा?" ती दोन पावलं मागे सरली. तुझ्याच मरणाची भीती घालून त्यांनी तुझं काम थांबवलं. चौघांनी वानर उचललं. मी "थांबा रे" म्हटलं, ते शेजारच्यालाही ऐकू गेलं नसावं.

आता त्या चार घरांत कुणाला ताप येतो, ते बघत बसायचं.

उद्या देवळात देवाला गाऱ्हाणं घालायला सगळे जमतील. गाऱ्हाणं संपलं की मी उभा राहीन. तुला मारुतीने नेलं नाही. तू अडवत होतीस आणि मी ऐकलं नाही, एवढं सगळ्यांसमोर सांगेन. कुणाला पटेल असं वाटत नाही. तुझं तरी कुठे पटलं होतं? पण या वेळी मोठ्याने बोलेन, हा माझा शब्द.

तुझा धाकटा दीर,
बाळा