वसंत आपल्या मनानं वापस गेला

१३ डिसेंबर १९७१, सोमवार

तार मीच वाचली.

बँकेतली पहाऱ्याची ड्यूटी संपवून इतवारीहून घरी येत होतो. गल्लीच्या तोंडाशी पोस्टाचा माणूस सायकल धरून उभा. 'तुळसाबाई गजभिये कोण?' अंगावर खाकी पाहून त्यानं कागद माझ्याच हातात दिला. मला इंग्रजी येत नाही. पण 'डीपली रिग्रेट' हे दोन शब्द ओळखता येतात. बासष्ट साली, मी फौजेत उस्ताद असताना, सागरच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये ऑफिसच्या टेबलावर पुष्कळ पाहिले होते.

तुळसाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. कागद पाहून उठली नाही. म्हणाली, 'वाच नं गा भाऊ.'

मी म्हणालो, 'वहिनी, वसंत गेला.'

ती म्हणाली, 'कुठं?'

पुन्हा सांगावं लागलं. आतून तिची पोरगी जया ओरडली तेव्हा तिला समजलं. सूप मांडीवरच होतं. ते तिनं सांभाळून बाजूला ठेवलं, दाणा सांडू दिला नाही.

सात तारखेला गेला. चोवीस वर्षांचा. माझा रंगरूट होता. मी शिकवलेला.

१४ डिसेंबर

लिहवत नाही.

१६ डिसेंबर, गुरुवार

दुपारनंतर रेडिओवर बातमी आली. शरणागती. इतवारीत कापडवाल्यांनी दुकानं सोडून रस्त्यावर नाच केला. मॅनेजरसाहेबांनी पेढा दिला, म्हणाले, 'हवालदार, तुमचं आज खरं सार्थक झालं.' मी सलाम केला. पेढा रुमालात बांधून घरी आणला. अंजनाबाईनं, माझ्या बायकोनं, पाहिला आणि म्हणाली, 'ठेवा तिकडं.' अजून तिथंच आहे.

जिंकलो, हे खोटं नाही. बावीस वर्षं मैदानावर घसा फोडला तो ह्याचसाठी. आनंद व्हायला पाहिजे. आमच्या गल्लीतही फटाके वाजले. तुळसाबाईच्या दारासमोरून पोरं जयजयकार करत गेली. कुणी थांबवलं नाही. थांबवायचं तरी काय म्हणून?

१९ डिसेंबर, रविवार

विहारात पुण्यानुमोदन झालं. वसंत आला नाही, त्याचं दहन तिकडंच झालं. कसम परेडनंतर, शपथ घेतली त्या दिवशी, काढलेला फोटो ठेवला होता. टोपी जरा तिरपी आहे. तेव्हाही मला दिसली होती. फोटोग्राफरसमोर काय ओरडायचं, म्हणून सोडून दिली.

वंदना झाल्यावर दोघंतिघं बोलले. मग कुणी न सांगता तुळसाबाई उठली. तिला असं चारचौघांत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणाली, 'माया पोरगा बाप मेला तवा सुट्टीवर आला. सुट्टी सरली तरी गेला नाही. लकडगंजात लाकडं वाहे. मी म्हनलं, राहू दे, नको जाऊ. मंग एका सकाळी उठला, वर्दी घातली, मले म्हने, माय, मी चाललो. कोनी बलावाले आलं नाही, कोनी धाक दाखवला नाही. आपल्या मनानं वापस गेला. माया पोरगा असा होता.'

सगळ्यांनी मान हलवली. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मीही हलवली.

२० डिसेंबर

खरं काय ते इथं तरी लिहून ठेवतो.

सदुसष्ट सालची गोष्ट. वसंतला भरती होऊन पाच महिने झाले होते. बाप लहानू इतवारीत हातगाडी ओढायचा, एका दुपारी गाडीवरच गेला. वसंतला दहा दिवसांची सुट्टी मिळाली. तो महिना झाला तरी परतला नाही. सुभेदारसाहेबांनी मला बोलावलं. 'तुमच्या मोहल्ल्याचा पोरगा आहे. पुढं कागद गेला तर भगोडा ठरेल. तुम्ही जा, घेऊन या.'

मी नागपूरला आलो. घरी गेलो नाही, सरळ लकडगंज. आरा मशीनच्या मागं वसंत सागवानाचे तुकडे रचत होता. मला पाहून सावधान उभा राहिला. भुशानं माखलेला, पाय उघडे, आणि टाचा बरोबर जुळलेल्या. मी शिकवलं होतं तसंच.

म्हणाला, 'उस्ताद, मले नाही याचं. माय एकटी हाये.' मी त्याला बरंच बोललो. काय काय ते आता आठवत नाही. रडवलं, एवढं आठवतं. मग म्हणालो, 'उद्या सकाळी स्टेशनावर ये. मी आलो होतो हे आईला सांगू नको. आपल्या मनानं जातो म्हण. तुझी इज्जत राहील.'

इज्जत त्याचीही आणि माझीही. तुळसाबाईच्या समोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. लहानू मला भावासारखा होता.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गेलो. सागर येईपर्यंत नजर हलवली नाही. कैद्यावर ठेवतात तशी ठेवली.

तुळसाबाईचं ते 'आपल्या मनानं' माझंच वाक्य आहे. मीच शिकवलेलं.

२७ जानेवारी १९७२

काल शाळेच्या मैदानावर झेंडावंदन आणि वीरमातांचा सत्कार. मी फौजी, म्हणून तुळसाबाईला स्टेजवर आणायचं काम माझ्याकडे. हात धरून पायऱ्या चढवल्या. शाल, नारळ. बोलणाऱ्यानं तीच गोष्ट सांगितली आणि वर आपलं घातलं. 'ज्याला बोलवायला जावं लागलं नाही असा जवान.' टाळ्या. तुळसाबाई माझ्याकडे पाहून हसली. तार आल्यानंतर पहिल्यांदा हसली असेल.

घरी येऊन जेवलो नाही. अंजनाबाईला पोट बिघडल्याचं सांगितलं.

३ फेब्रुवारी

मोहल्ल्यातल्या पोरांना ती गोष्ट पाठ झाली आहे. नळावर बायका नव्या सुनांना सांगतात.

२० फेब्रुवारी, रविवार

आज तुळसाबाई स्वतः आली. अंजनाबाई बाजारात गेली होती. ओसरीवर बसली, पाणी प्याली.

'भाऊ, तू त्याचा उस्ताद होता. तो तिथं दिवसभर काय करे, मले सांग नं. मले काहीच मालूम नाही. चिठ्ठीत लिवे, मी ठीक हाये. बस.'

मग मी सांगत गेलो. पहाटे चारला बिगुल. थंडीत बनियनवर दौड. त्यानंतर बूट घासायचे, त्यात तोंड दिसेपर्यंत. मग मैदान. पहिले पंधरा दिवस वसंतचा डावा हात डाव्याच पायाबरोबर पुढं जायचा. सगळे हसायचे. मी त्याला सुट्टीच्या वेळी वेगळा घ्यायचो, रोज अर्धा तास, नुसतं एक-दो, एक-दो. एका दिवशी हात पाय जुळले, तेव्हा तो थांबेचना. मी 'थम' म्हटलं तरी चालत राहिला. मैदानाच्या टोकापर्यंत गेला.

हे ऐकून ती हसली. म्हणाली, 'लहानपनी बी उशिराच चालला.'

मग कसम परेडचं सांगितलं. पांढरे पट्टे, बँड, समोर पलटणीचं निशाण. जमीन, पाणी, हवा, जिथं हुकूम होईल तिथं जाईन, जीव गेला तरी. चारशे पोरं एका आवाजात बोलतात. मी बावीस वर्षांत किती परेडी पाहिल्या, तरी प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. त्या दिवशी वसंतचं पाऊल एकदाही चुकलं नाही.

'मले काहून नाही बलावलं गा?'

'पत्र आलं असेल, वहिनी.'

'आलं असन. वाचाले कोन होतं?' पेला खाली ठेवला. 'पन वापस गेला म्हनून हा दिस त्याले दिसला. आपल्या मनानं गेला.'

तेव्हा मी सांगून टाकलं. लकडगंज, भुसा, स्टेशन, सगळं. मीच त्याला ते वाक्य शिकवलं, हेही.

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली असती तर बरं होतं. पेला उचलून आत नेऊन ठेवला, चप्पल घातली आणि गेली.

मला वाटलं, आता मोकळं वाटेल.

२३ फेब्रुवारी

जया आली होती. 'काका, तुमी मायले काय सांगतलं? जेवत नाही. दादाचा फोटू पेटीत ठेवून देला.'

ती गेल्यावर अंजनाबाईनं सगळं विचारून घेतलं. वाटलं होतं ती म्हणेल, बरं केलं, खरं सांगितलं. ती म्हणाली, 'तुमाले हलकं व्हाचं होतं. म्हनून तुमी तिच्या डोक्श्यावर टाकलं. तिच्यापाशी तेवढंच होतं नं.'

पंचवीस वर्षांच्या संसारात ती मला इतकं कधी बोलली नाही.

९ मार्च

तुळसाबाई नळावर समोरून आली. मला पाहून पाण्याचा भरलेला गुंड डोक्यावर घेऊन लांबच्या गल्लीनं गेली.

२ एप्रिल

आता कुणी ती गोष्ट सांगत नाही. कुणी विचारलं तर तुळसाबाई म्हणते, 'मले नाही मालूम.'

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंतीची मिरवणूक. तुळसाबाई दरवर्षी पांढरं लुगडं नेसून बायकांच्या पुढं असते. आज दार बंद.

२१ एप्रिल, शुक्रवार

ऊन तापलं आहे. दुपारी दारात काळी पेटी घेऊन एक जवान. कडक सलाम ठोकला. 'उस्ताद, देवराव. वसंतच्या स्क्वाडचा.' ओळखायला वेळ लागला, अंग भरलं आहे. भंडाऱ्याकडचा. तुमसरला घरी चालला होता, वसंतचं सामान कंपनीनं त्याच्याकडे दिलं. आधी माझ्याकडे आला, कारण एकट्यानं तुळसाबाईसमोर जाववेना.

दोघं शेवटपर्यंत एका कंपनीत होते. वसंत कसा गेला ते त्यानं सांगितलं. ते इथं लिहीत नाही. फार वेळ लागला नाही, एवढं बरं.

मग मी माझं सांगितलं. घेऊन कसा गेलो, आईला काय सांगून बसलो.

देवराव ऐकत होता. म्हणाला, 'उस्ताद, तुमी त्याले नेलं कुठं? बीना जंक्शनावर तुमी झोपले होते.'

मी म्हणालो, मी झोपलो नव्हतो.

'झोपले होते. सागरची गाडी याले दोन घंटे होते. तुमी बाकड्यावर टोपी तोंडावर घेऊन घोरून राहिले होते, असं तो सांगे. नागपूरची गाडी समोर लागली. वसंत जाऊन बसला. गाडी हालली. मंग यार्डाच्या पुढं सिग्नलले थांबली, तर तो उतरला आन् रुळावरून चालत वापस आला. तुमच्याजवळ येऊन बसला. तुमी तवाबी झोपलेच होते. बराकीत कितीकदा सांगे आमाले.'

मी त्याला तीनदा बोलायला लावलं. तिन्ही वेळा तेच.

कैद्यावर ठेवतात तशी नजर, असं मी इथं लिहिलं आहे. ती ओळ खोडत नाही. असू दे.

२२ एप्रिल, शनिवार

सकाळी देवरावला घेऊन तुळसाबाईकडे गेलो. मी दाराबाहेरच थांबलो. तिनं पेटी उघडली नाही, नुसता हात ठेवून बसली. देवरावनं बीनाची गोष्ट सांगितली. मी सांगितली असती तर तिला वाटलं असतं, समजूत घालतो आहे.

ती म्हणाली, 'गाडीत बसला होता?'

'हो माय.'

'नागपूरच्या?'

'हो.'

'मंग उतरला काहून?'

देवराव जरा अडखळला. म्हणाला, 'पलटनीची कसम घ्याची होती, म्हनून.'

तुळसाबाईनं पदरानं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. बऱ्याच वेळानं बाहेर पाहून म्हणाली, 'रुपरावभाऊ, उन्हात काहून उभा हाये? आत ये.' दोन महिन्यांनी माझं नाव घेतलं. मी आत गेलो. 'म्हंजे तू झोपला होता गा,' म्हणाली. जया पाहतच राहिली, कारण तिची आई हसत होती.

आम्ही तिथंच जेवलो. भात, वरण, कैरीची चटणी. तीही जेवली. वसंतचा फोटो पुन्हा भिंतीवर लागला आहे. मी आज किती दिवसांनी पोटभर जेवलो.

२३ एप्रिल, रविवार

देवरावला स्टेशनवर सोडून आलो. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाला, 'उस्ताद, मायसमोर एक बोललो नाही. तो कसमेसाठी नाही उतरला. तुमी त्याले म्हनलं होतं म्हने, तू पळाला तर माया बाहीवरची फीत जाईन. तो म्हने, बाप त गेलाच, आता उस्तादाले कसं बेइज्जत करू.'

मी तसं बोललो असेन. रंगरुटाला धाक घालायला आम्ही सगळेच उस्ताद तसं बोलायचो.

फीत कुणी काढणार नव्हतं.