खारट सूप

१२ नोव्हेंबर

आजही आली! नगरपालिकेची नर्स, कानाए. गावात म्हातारेच उरलेत, आरोग्य विम्याचा खर्च पालिकेला पेलवेना — म्हणून ही पोरगी घरोघर फिरते. मीठ कमी करा, चाला, एका दुखण्यासाठी तीन-तीन डॉक्टर गाठू नका.

ह्यांनी सकाळीच दाढी केली होती. एरवी मागे लागावं लागतं.

आंबवलेल्या सोयाबीनच्या माझ्या मिसो सूपात तिने मीठ मोजायची कांडी बुडवली. "आजी, जरा खारट आहे." हे लगेच मान डोलावतात! इतकी वर्षं मी तेच सांगतेय. तेव्हा म्हणायचे, आजाऱ्याचं जेवण वाढतेस का.

१९ नोव्हेंबर

हे तिच्या चालायच्या गटात जायला लागले. नवी टोपी घेतलीय. शेजारची तोमिए म्हणाली, "तुझा शिगेमित्सु तरणा झाला की गं!" मी लोणच्यासाठीचे मुळे घासत राहिले.

२८ नोव्हेंबर

तिने डॉक्टरांशी बोलून ह्यांची रक्तदाबाची एक गोळी बंद करवली. चक्कर थांबली. मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण जेवताना सगळं तिचंच — कानाए असं म्हणाली, कानाए तसं म्हणाली. मी केलेल्या लोणच्याबद्दल एक अक्षर नाही.

३ डिसेंबर

तिने कमी करायला लावलेलं मिसो आज सूपात पूर्वीसारखं घातलं. वर सोया सॉसही. समोर बसून बघत राहिले. हे दोन वाट्या प्यायले, बोलले काही नाहीत. बरं वाटलं मला.

४ डिसेंबर

आजही घातला.

१७ डिसेंबर

रक्तदाब चढलाय. तिने पुन्हा पुन्हा मोजला. बंद केलेली गोळी परत सुरू करावी लागेल म्हणे. शिवाय घरोघरच्या फेऱ्यांनी खर्च खरंच कमी होतो का, हे नगरपालिका आता तपासणार आहे. नाही झाला तर फेऱ्या बंद.

"माझंच काहीतरी चुकतंय, आजी," म्हणाली. बर्फातून आलेली, मोजे ओले. मी गरम चहा दिला. तिची खोड मोडायची होती ना मला? मोडली. मग तिचे मोजे शेगडीपाशी वाळत का घातले मी?

सांगायला तोंड उघडलं. म्हटलं, अजून चहा घे.

२४ डिसेंबर

ती आली, पातेल्याकडे वळली. मी मध्ये आले. तेवढ्यात हे म्हणाले, "त्यात काय बघतेस पोरी. हिची नजर चुकवून मीच ओततो सॉस." तिने ह्यांना चांगलं झापलं. ह्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

ती गेल्यावर म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग प्यायलात कशाला?"

"तू समोर बसून बघत होतीस. किती वर्षांनी."